विशेष काही करू नका

"विशेष काही करू नका," असं मोठ्या बाई म्हणाल्या आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आपल्या बाई त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून काही महिने झाले होते, पण नोकरी अजून कच्ची होती. पुढच्या आठवड्यात कधीतरी मोठ्या बाई न सांगता वर्गात येणार, मागच्या खुर्चीत बसून एक तास ऐकणार, आणि मग बाईंना कायम करायचं की नवऱ्यासकट विमानात बसवून परत पाठवायचं ते ठरणार, असा एकूण मामला होता. एवढं सांगून त्या हसत म्हणाल्या होत्या, "विशेष काही करू नका हं. नेहमीसारखा तास घ्या."

बाईंनी संध्याकाळी घरी येऊन हे यजमानांच्या कानावर घातलं. यजमान तेव्हा खिडकीत उभे राहून समोरच्या इमारतीचा पावसाळी पाइप किती चुकीच्या कोनात बसवलाय याचा अभ्यास करत होते. परदेशात आल्यापासून त्यांचा हा मुख्य अभ्यास होता.

यजमान हे मूळचे पाणीपुरवठा खात्यातले ओव्हरसियर. गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना 'ओव्हरसियर' म्हणूनच ओळखायचं, म्हणून आपणही तेच म्हणू. बाईंना मात्र ते स्वतःसुद्धा 'बाई' म्हणत. लग्न ठरलं तेव्हा त्यांची धाकटी बहीण बाईंच्या वर्गात होती. तिने घरात 'बाई, बाई' सुरू केलं, ते लग्नानंतरही कुणाला बदलता आलं नाही. शेवटी सासूसुद्धा सुनेला 'बाई' म्हणू लागली.

तर बाईंना परदेशी नोकरी लागली, तेव्हा ओव्हरसियरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तेही मागोमाग निघाले. इथे आल्यावर त्यांना राहण्याच्या परवान्याचं एक गुळगुळीत कार्ड मिळालं. त्यावर फोटोखाली एक शब्द छापला होता. त्यांनी तो बाईंना विचारला. बाईंनी आधी विषय बदलून पाहिला आणि मग हळूच सांगितलं, "अवलंबून." ज्या माणसाच्या हातातल्या चावीवर अख्ख्या गावाची अंघोळ अवलंबून होती, त्याच्या थोबाडाखाली सरकारने 'अवलंबून' असं छापावं! त्या दिवशी ओव्हरसियर जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्यात थोरले भाऊ. हे दादा दर रविवारी न चुकता फोन करत आणि न चुकता एकच प्रश्न विचारत, "बाई शिकवतात ते समजलं. पण तू तिथे काय करतोस?" खरं तर ओव्हरसियर पुष्कळ करत. बाजार, स्वयंपाक, धुणं, इस्त्री सगळं करत आणि झकास करत. पण हे दादांना सांगायला जीभ वळत नसे. मग ते "आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये" असं म्हणून फोन ठेवत. आवाज खणखणीत येत असे.

"विशेष काही करू नका, असं म्हणाल्या?" ओव्हरसियर खिडकी सोडून आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी तेज आलं होतं. "म्हणजे करायलाच पाहिजे."

"अहो, इथली माणसं बोलतात तेच त्यांच्या मनात असतं."

"बाई, तू पुस्तकं पुष्कळ वाचलीस, माणसं वाचली नाहीस. व्याही येताना काय निरोप धाडतात? 'काही करू नका हं, नुसतं बसायला येतोय.' आणि आपण खरंच काही केलं नाही, तर?"

यावर बाईंना आपली सख्खी मावशी आठवली. तिने एकदा खरंच काही केलं नव्हतं. व्याह्यांना पाणी देऊन ती नुसती समोर बसली होती. त्या गोष्टीला एक पिढी उलटली, तरी दोन्ही घरांत अजून त्यावरून धुसफूस चालू आहे.

शिवाय तपासणी म्हणजे काय असते, हे ओव्हरसियरांनी अनेकदा जवळून पाहिलं होतं. साहेब येणार म्हटल्यावर शाळेला चुना लागतो, कुंड्या उसन्या येतात, शेजारच्या तुकडीतली दोन-चार हुशार पोरं या तुकडीत आणून पेरतात आणि बाईंच्या टेबलावर एक दणदणीत शैक्षणिक साधन उभं राहतं. ते साधन लग्न झाल्यापासून ओव्हरसियर करत आले होते. फुलाचे भाग सुटे होणारी जास्वंद त्यांनीच केली. खराखुरा धूर सोडणारा ज्वालामुखीही त्यांचाच. त्याने साहेबांच्या मागचा पडदा जाळला ही गोष्ट खरी. पण तालुक्याच्या प्रदर्शनात त्यालाच उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र ओव्हरसियरांनी परदेशी येताना हातातल्या बॅगेत ठेवलं होतं, मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा हरवतात.

"धडा कुठला चाललाय?" त्यांनी विचारलं.

"पचनसंस्था," बाई म्हणाल्या, आणि म्हणता क्षणीच त्यांना पश्चात्ताप झाला.

ओव्हरसियरांनी डोळे मिटले. त्यांना तोंडापासून शेवटापर्यंत एक अखंड पाइपलाइन दिसू लागली. घसा ही मुख्य वाहिनी, जठर ही साठवण टाकी, तिच्या खाली झडप, आणि मग मैलोन्मैल वितरण व्यवस्था. आयुष्यभर ज्या विषयाची सेवा केली, तो विषय माणसाच्या पोटातच होता!

"लहान आतडं किती लांब असतं?"

"सहा-सात मीटर. पण अहो, एक छोटंसं चित्र पुरे."

"पुरे," ओव्हरसियर म्हणाले. पुरे म्हणणं आणि पुरे करणं ही सरकारी खात्यात दोन वेगळी टेबलं असतात.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेल्यावर ते पाइपच्या दुकानात गेले. त्या देशाची भाषा त्यांना अजून पुरती वळत नव्हती. या गोष्टीत मात्र सगळी माणसं सरळ मराठीत बोलतील, नाहीतर आपण इथेच अडकून पडू. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवा पाइप?" ओव्हरसियरांनी शब्द जुळवून सांगितलं, "बायकोच्या आतड्यासाठी." दुकानदाराने गंभीर चेहऱ्याने त्यांना दवाखान्याचा रस्ता समजावून दिला. मग खाणाखुणा झाल्या, पोटावर हात फिरवून झाला, आणि ओव्हरसियर पारदर्शक मऊ पाइपचं भलंमोठं वेटोळं गळ्यात घालून विजयी वीरासारखे घरी परतले. जठरासाठी शेकायची रबरी पिशवी घरात होतीच. बाईंची कंबर दुखायची तेव्हा ती लागे. पण नोकरीपुढे कंबर काय चीज आहे!

आता हे सगळं बसवायला एक मजबूत फळी हवी होती. इमारतीच्या मागे, टाकाऊ सामानाच्या जागेत, कुणीतरी कपाटाचं एक दार टाकलं होतं. ओव्हरसियरांनी ते उचललं मात्र, इमारतीचा रखवालदार समोर उभा राहिला. हा गृहस्थ श्वासाआधी नियम घेई, म्हणून बाईंनी त्याचं नाव 'नियमावली' ठेवलं होतं.

"हे उचलता येणार नाही," नियमावली म्हणाला.

"टाकलेलंच आहे की!"

"टाकलेलं आहे म्हणूनच. इथे वस्तू आणता येते, नेता येत नाही. एकदा टाकली की ती नगरपालिकेची."

"मग मी नगरपालिकेकडे मागतो."

"नगरपालिका टाकलेल्या वस्तू देत नाही. उचलते."

ओव्हरसियर थक्क होऊन ऐकत राहिले. त्यांनीही नोकरीत थोडेथोडके नियम सांगितले नव्हते; पण सगळीकडून असा बंद, कुठूनही गळती नसलेला नियम त्यांच्या पाहण्यात नव्हता. रागापेक्षा त्यांना आदरच वाटला. मग त्यांच्यातला जुना सरकारी माणूस जागा झाला. ते म्हणाले, "समजा, हे दार माझंच आहे आणि ते मी अजून टाकलेलं नाही, टाकायला घेऊन आलोय. पण आता माझा विचार बदललाय."

नियमावलीने बराच वेळ विचार केला. "विचार बदलायला नियमाची आडकाठी नाही," तो शेवटी म्हणाला, आणि जिन्यापर्यंत दार धरायलाही आला.

शनिवारी चाचणी झाली. बाई बाजारात गेल्या होत्या. ओव्हरसियरांनी कपाटाचं दार न्हाणीघरात उभं केलं, त्यावर आतडं वळणावळणाने बसवलं, पिठाच्या पाण्यात हिरवा रंग कालवला आणि नरसाळ्यातून, म्हणजे तोंडातून, आत सोडला. पाणी घशातून उतरलं. जठर टम्म फुगलं. ओव्हरसियरांनी झडप उघडली आणि हिरवं पाणी वळणं घेत, डौलात, सगळ्या आतड्यातून फिरलं. एवढं देखणं दृश्य त्यांनी धरणाच्या उद्घाटनालाही पाहिलं नव्हतं. ते बघण्याच्या नादात एक गोष्ट राहून गेली. आतड्याचं शेवटचं टोक कुठे सोडायचं, ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांत एक हिरवी बट होती.

"माझ्या छतातून काहीतरी येतंय," आजी म्हणाल्या.

ओव्हरसियरांना वाटलं, संपलं. आता ही म्हातारी नियमावलीला बोलावणार, नियमावली मालकाला आणि मालक पोलिसांना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! ते मुकाट्याने आजींना न्हाणीघरात घेऊन गेले आणि त्यांनी गुन्हा दाखवला. आजींनी ते दार वरपासून खालपर्यंत तपासलं. मग म्हणाल्या, "जठर चुकलंय. ते डावीकडे असतं. मला माहीत आहे, माझं रोज दुखतं."

त्यानंतर जे झालं, ते ओव्हरसियरांच्या हातात राहिलं नाही. पोट हा विषयच तसा आहे. राजकारण मला कळत नाही, असं एखादा तरी म्हणतो. पोट मला कळत नाही, असं म्हणणारा माणूस अजून जन्मला नाही. आजींनी समोरच्या घरातल्या बसचालकाला बोलावलं. त्याने यकृत कुठे आहे म्हणून चौकशी केली, आणि ते नाही म्हटल्यावर अशा खेदाने मान हलवू लागला, की जणू ओव्हरसियरांनी ते विकून खाल्लं होतं. नियमावली गळतीचा पंचनामा करायला आला आणि आपल्या मेहुण्याच्या आम्लपित्ताची हकीकत सांगून गेला. प्रत्येकाने आपल्याला काय पचतं आणि काय पचत नाही ते सांगितलं. इतके महिने जिन्यात नुसती मान हलवणारी ही माणसं ओव्हरसियरांच्या न्हाणीघरात दाटीवाटीने उभी राहून बोलत होती. बाई बाजारातून परतल्या तेव्हा त्यांना वाटलं, ओव्हरसियरच गेले.

रात्री जेवताना बाई म्हणाल्या, "अहो, एक सांगू? रागावू नका. मी हे शाळेत नेणार नाही."

ओव्हरसियरांचा घास हातात राहिला.

"सुंदर झालंय. खरंच. पण मोठ्या बाईंना नेहमीचा तास बघायचाय. हे नेहमीचं नाही ना."

"आपल्याकडे नेहमीचंच होतं की," ओव्हरसियर एवढंच म्हणाले. ते आणखी काही बोलते, तर बाईंना परवडलं असतं.

सोमवारी सकाळी बाई शाळेत गेल्या. ओव्हरसियरांनी भांडी घासली. ओटा पुसला. मग ते आतड्यासमोर स्टुलावर बसून राहिले. बाई भोळी आहे, असं त्यांना वाटत होतं. भोळेपणापायी हिची नोकरी जाईल, मग परत गेल्यावर दादा विचारतील, 'तू तिथे काय केलंस?' आणि त्यावर एकच उत्तर उरेल, की तयार साधन घरात ठेवून मी स्टुलावर बसलो होतो. ते ताडकन उठले. बाई रागावली तर रागावू दे, कायम तर होईल!

भर रस्त्यातून आतडं न्यायचं, तर ते झाकायला काहीतरी हवं. त्यांना कपाटात तळाशी आईचं जुनं नऊवारी लुगडं दिसलं. निघताना आईने ते बाईंच्या हातात दिलं होतं. "परक्या मुलखात काहीतरी आपलं असू दे," म्हणाली होती. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. ओव्हरसियरांनी ते दाराभोवती उभं-आडवं गुंडाळलं. जठर भरलेलंच ठेवलं, कारण तिथे गेल्यावर पाणी मिळेल न मिळेल. पाणीपुरवठ्यातल्या माणसाचा दुसऱ्याच्या पाणीपुरवठ्यावर कधीच विश्वास नसतो.

थांब्यावर बस आली. चालक समोरच्या घरातलाच.

"हे आत चालणार नाही," तो म्हणाला.

"अहो, शनिवारी तर तुम्हीच यकृत लावायला सांगितलंत!"

"घरी मी शेजारी. इथे मी चालक. आणि लावलं का यकृत?"

नव्हतं लावलं. बस निघून गेली. ओव्हरसियर दार डोक्यावर घेऊन चालत निघाले. रस्त्यात लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तर टोपी काढून छातीशी धरली. लुगड्यात गुंडाळलेली, माणसाएवढी लांब वस्तू डोक्यावर घेऊन एक घामाघूम इसम गंभीर चेहऱ्याने चाललाय, हे पाहून त्याचा काय समज झाला असेल ते उघड आहे. ओव्हरसियरांनीही उलट मान लववली. शिष्टाचार सोडून चालत नाही.

शाळेच्या फाटकात एक फिरतं दार होतं. त्यातून माणूस जाई, कपाटाचं दार जात नसे. बाजूचं मोठं फाटक फक्त गाडीसाठी उघडे, तेही आदल्या दिवशी कळवलं तर. फाटकावरच्या बाई काचेमागून हे सगळं समजावून सांगत होत्या, आणि ओव्हरसियर "तिरकं करून जाईल, तिरकं करून जाईल" म्हणत होते. आयुष्यभर त्यांनी अवघड जागी पाइप तिरके करूनच घातले होते. त्यांनी लुगडं सोडून काखेत घेतलं, दार तिरकं केलं आणि खांद्याने एक दणका दिला.

झडप उडाली. जठर फुटलं. सगळं आतडं पट्ट्यांतून सुटून सळसळत बाहेर आलं आणि फिरत्या दारात अडकून दाराबरोबर गोल फिरू लागलं. हिरवं पाणी काचेवर, पायरीवर, ओव्हरसियरांच्या इस्त्रीच्या शर्टावर आणि थोडं आईच्या लुगड्याच्या एका टोकावर उडालं.

फाटकावरच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी पाइपकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, ओव्हरसियरांकडे पाहिलं आणि त्यांच्या खिशाला 'दुरुस्ती' असा बिल्ला अडकवला. "न्हाणीघर आत डावीकडे. आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या. चार निरनिराळे बिल्ले होते; त्यांत हाच त्यातल्या त्यात जवळचा होता.

ओव्हरसियर मान खाली घालून निघाले. आतडं गेलं, जठर गेलं, अब्रू गेली. काखेत एक लुगडं तेवढं राहिलं. लांबलचक व्हरांड्यात एका वर्गाचं दार उघडं होतं आणि आतून ओळखीचा आवाज येत होता. ओव्हरसियर थांबले.

बाई शिकवत होत्या. त्या परक्या भाषेत, न अडखळता, हात हलवत, मधेच एखाद्याला कोपरखळी मारत शिकवत होत्या. पोरं हसत होती आणि हसता हसता ऐकत होती. घरी रात्री-रात्री एकेक शब्द पाठ करताना ओव्हरसियरांनी ज्यांना पाहिलं होतं, त्या याच बाई! ही माझी बायको आहे, असं त्या व्हरांड्यात ओरडून सांगावं, असं त्यांना वाटलं. आणि त्याच वेळी त्यांना मागच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या बाई दिसल्या.

तपासणी आजच होती. चालूच होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती. "हे खोटं आहे," ती म्हणत होती. "सात मीटर म्हणजे हा वर्ग जेवढा लांब. ते एवढ्याशा पोटात कसं मावेल?" तिने स्वतःच्या पोटावर दोन्ही हात ठेवून दाखवले. वर्ग मोठ्याने हसला. बाईंनी फळ्यावर वळणावळणाची आकृती काढली. मुलगी ठाम होती. "चित्रात काहीही मावतं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी मान वर केली. बाईंच्या हातातला खडू थांबला. त्यांनी सहज दाराकडे पाहिलं. दारात हिरवा शर्ट घातलेले, म्हणजे सकाळी पांढरा घातलेले, त्यांचे यजमान काखेत लुगडं धरून उभे होते.

बाईंना किती गोष्टी एकदम कळल्या असतील, ते त्याच जाणोत. ओव्हरसियर पळायच्या बेतात होते. तेवढ्यात बाई भर वर्गात, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "अहो, आत या. ते लुगडं आणा. आणि जरा पदर धरा."

वाळलेल्या साडीची घडी घालताना हे वाक्य ओव्हरसियर रोज ऐकत. पाय आपोआप आत वळले. लहानपणी गच्चीवर आईच्या हाताखाली लुगड्याचं टोक धरलं होतं, पुढे बाईंच्या हाताखाली धरलं. या एका कामात त्यांना कुणाचंही मार्गदर्शन लागत नसे. त्यांनी पदर धरला आणि ते मागे मागे जाऊ लागले. लुगडं उलगडत गेलं. फळ्यापासून सुरू झालं, पहिल्या बाकावरून, दुसऱ्यावरून, सगळ्या वर्गाच्या डोक्यांवरून ताणत ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि तरी उरलं. नऊवारच ते! उरलेला पदर कुठे ठेवायचा म्हणून ओव्हरसियरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजाने तो मोठ्या बाईंच्या हातात दिला. मोठ्या बाईंनी तो आज्ञाधारकपणे धरला.

"इथून त्या काकांपर्यंत, एवढं तुमचं आतडं," बाई म्हणाल्या. वर्ग तोंड उघडून बघत होता. "आणि सुरुवातीला हे हिरवं दिसतंय ना? इथे पित्त येऊन मिळतं." हिरवा डाग बाईंच्या हातातल्या टोकावर, नेमका योग्य जागी पडला होता. त्याचं श्रेय कुणाला द्यावं हे ओव्हरसियरांना अजून ठरवता आलेलं नाही.

मग बाईंनी चुण्या घालायला सुरुवात केली. एक काठ त्यांच्या मुठीत, दुसरा मोकळा. ओव्हरसियर मोठ्या बाईंकडून पदर परत घेऊन पावलापावलाने पुढे येत लुगडं सैल सोडत होते, न ओढता, न लोंबू देता, घरी सोडतात तसंच. बाई बोलतच होत्या, "आतडं पोटात कोंबलेलं नसतं. एका बाजूने असं धरून ठेवलेलं असतं, म्हणून त्याचा गुंता होत नाही." शेवटची चुणी पडली. वर्गाएवढं लांब लुगडं बाईंच्या एका ओंजळीत आलं होतं. ते त्यांनी त्या मुलीच्या पोटाशी धरलं.

मुलीने खाली पाहिलं. हाताने चाचपलं. "मावलं," ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी सगळ्या वर्गाला ते स्वतः घालून बघायचं होतं.

तास संपला. मुलं गेली. मोठ्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी 'दुरुस्ती'च्या बिल्ल्यापासून हिरव्या शर्टापर्यंत सगळं नीट न्याहाळलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या बाईंना म्हणाल्या, "विशेष काही करू नका म्हणून."

ओव्हरसियर एक पाऊल मागे सरकले. झालं. घालवली नोकरी. आपणच घालवली. ते काहीतरी बोलायला गेले, पण त्या भाषेतला एकही शब्द वेळेवर येईना.

"विशेष काहीच केलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरी धुणं वाळलं की आम्ही रोज असंच करतो."

मोठ्या बाई एवढ्या हसल्या, की त्यांना बाकावर टेकावं लागलं. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, "नेहमीचा तास कसा असतो ते मला बघायचं होतं. बघितलं. तुम्ही आता इथून जायचं नाही." मग बिल्ल्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण?"

"हे माझे यजमान," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून माझी सगळी साधनं हेच करतात. हे नसते, तर मी तालुक्याच्याही पुढे गेले नसते."

बाईंच्या आवाजात एवढा अभिमान ओव्हरसियरांनी यापूर्वी एकदाच ऐकला होता, उत्तेजनार्थ बक्षिसाच्या वेळी. त्यांना डोळे पुसायचे होते, पण बाहीला हिरवा रंग होता.

मोडकं दार त्यांनी परत डोक्यावरूनच घरी नेलं. टाकायला गेले, तर नियमावली आडवा आला. एकदा विचार बदलून नेलेली वस्तू पुन्हा टाकायची, तर नगरपालिकेची वेळ घ्यावी लागते म्हणे. ते दार अजून त्यांच्या बैठकीत उभं आहे. आजी कधीमधी येऊन जठर डावीकडे असतं, याची आठवण करून देतात.

रविवारी दादांचा फोन आला. बाई कायम झाल्याचं ऐकून ते खूश झाले, बाईंचं तोंडभर कौतुक केलं, आणि मग नेहमीच्या ठिकाणी आले.

"ते सगळं ठीक. पण तू तिथे काय करतोस?"

ओव्हरसियर तेव्हा वाळलेलं लुगडं हातात धरून उभे होते. दुसरं टोक बाईंच्या हातात होतं, आणि त्या ते ताणून वाट बघत होत्या. आवाज खणखणीत येत होता. ओव्हरसियरांनी फोन खांद्याशी नीट दाबून धरला, पदर दोन्ही हातांनी सारखा केला आणि जरा मोठ्यानेच सांगितलं, "विशेष काही नाही, दादा."